चौदा घरांची नावं

नवापुरात त्या सोमवारी दिवेलागणीला बातमी आली ती अशी, की रामू तामोऱ्याच्या चंद्रकांताने पालघरच्या कॉलेजात मासे चारून मतं मिळवली, म्हणून सरांनी तिला कॉलेजातून हाकलून दिली. बातमी आणली चिंधूने. चिंधू बोईसरच्या एस.टी.तून उतरला की त्याच्या पिशवीत भाजी कमी आणि बातम्या जास्त असतात, आणि दोन्ही थोड्या सडक्याच निघतात.

खरं काय होतं? हाकललं कुणी नव्हतं. मासे चंद्रकांताने चारले नव्हते. बाकी बातमीत मासे होते, मतं होती, सर होते, म्हणजे चिंधूच्या मानाने ती बरीच खरी म्हणायची. पण आळी ही आळी. रात्रीच्या जेवणापर्यंत पोरीला पोलिसांनी धरल्याचंही ऐकू आलं, आणि तोवर ती पोर घरात बसून आईला मांदेली निवडायला मदत करत होती.

ही सन अडुसष्टची गोष्ट. चंद्रकांता तेव्हा अठरा वर्षांची. हातभर वेणी आणि त्याहून लांब जीभ. काशीबाईची ही थोरली, त्यामुळे शाळा सुटली की पालघरच्या बाजारात आईच्या पाटीशेजारी बसायची. दहा वर्षांची असताना एका मामलेदार कचेरीतल्या कारकुनाने पापलेट हातात घेऊन ताजं आहे का म्हणून विचारलं, तेव्हा हिने त्याला तुमच्या टोपीपेक्षा ताजं आहे असं सांगितलं होतं. तो कारकून पुढे कायमचा गिऱ्हाईक झाला, टोपी मात्र घालीनासा झाला.

अशी ही पोर कॉलेजात गेली आणि मुकी झाली. पहिल्याच आठवड्यात सरांनी काही विचारलं, हिने उभं राहून ‘नाय, तसं नाय’ म्हणून सुरुवात केली, आणि मागच्या बाकांवरून हसू फुटलं. एकाने खिडकी उघडली, वास येतो म्हणून. त्या दिवसापासून चंद्रकांताने जिभेला कुलूप घातलं. बोलायचं तर मोजकं, आणि ते ‘आहे’, ‘नाही’ असं इस्त्री केलेलं. सकाळी आईबरोबर पालघरला उतरायचं, तीन-चार घरी मासळी पोचवायची, पेठेतल्या गोदूबाईंच्या मोरीवर लिंबाची साल लावून हात धुवायचे आणि मग वर्गात जायचं. आळीतल्या बायका म्हणायच्या, काशीबायची पोर शिकून घुमी झाली. काशीबाई म्हणायची, जीभ हाय, फक्त सध्या बर्फात ठेवली हाय.

तर कॉलेजात भौतिकशास्त्र मंडळ नावाचं एक मंडळ होतं. त्यात वरच्या वर्गांचे अध्यक्ष, चिटणीस वगैरे, आणि पहिल्या वर्षाचा एक प्रतिनिधी. एरवी त्या प्रतिनिधीचं काम म्हणजे व्याख्यानाला सतरंज्या अंथरणं आणि पाहुण्यांना पाणी देणं. या पदासाठी कोणी भांडलं असतं तर लोकांनी त्याला वैद्याकडे नेलं असतं. पण त्या वर्षी सरांनी ऑगस्टमध्ये सांगितलं, की तारापूरचं अणुकेंद्र आतून पाहायची परवानगी मिळाली आहे. सप्टेंबरातला एकच दिवस. नंतर आत इंधन चढवतील आणि बाहेरच्या माणसाला तिथवर जाता येणार नाही. आणि जायचं कोणी, तर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी. पहिल्या वर्षातून एकच.

वर्गातली एकसष्ट डोकी एकदम ताठ झाली. चंद्रकांताचं डोकं मात्र खाली गेलं, कारण तिला आपला बाप आठवला.

रामू हा पिढीजात नाखवा, पण तीन वर्षं होडी भावाच्या हवाली करून त्याने त्या केंद्राच्या बांधकामावर घमेली वाहिली होती. रोज सकाळी पास दाखवून आत, संध्याकाळी सिमेंटने पांढरा होऊन बाहेर. त्याच्या टोळीने एक भिंत बांधली होती. जाडी विचाराल तर रामू दोन्ही हात पसरायचा, मग एक पाऊल पुढे टाकायचा आणि म्हणायचा, एवढी. एवढ्या भिंतीआड काय ठेवणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं, घमेलीवाल्याने विचारायचं नसतं. टोळीतला परभणीकडचा रामकिसन म्हणायचा बॉम्ब ठेवणार. बोईसरच्या खानावळीतला एक फिटर म्हणायचा, ‘कुछ नहीं, बडा चूल्हा है.’ मार्चमध्ये काम संपलं, रामूचा पास काढून घेतला, आणि तो परत होडीवर गेला. पण समुद्रातून परतताना त्या इमारतीचा आकार समोर दिसायचा, आणि त्याचं वल्ह्याकडे लक्ष लागायचं नाही. एकदा जाळं शिवता शिवता तो लेकीला म्हणाला होता, “माझ्या हातानं वायीट कायतरी बांधून तर नाय झालं ना, येवढंच मला कळायला होवं.”

चंद्रकांताने तेव्हा बापाला सांगून टाकलं होतं, मी फिजिक्स शिकते ना, मी बघून सांगेन. आता बघायची वाट एकच होती, आणि ती सतरंज्यांवरून जात होती.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलावरच्या पोरांनी तिचं नाव सुचवलं. कारण साधं होतं. व्हर्नियरवरची बारीक रेघ जी कोणाला दिसायची नाही, ती हिला लांबूनही दिसायची. माशाच्या कल्ल्याचा रंग लांबून ओळखणाऱ्या पोरीला एका रेघेचं काय? निम्म्या वर्गाच्या वह्यांतली मापं तिची होती. दुसऱ्या बाजूने उभा राहिला शांताराम. पालघरच्या पेठेतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, कपाळाला बुक्का, शर्टाला कडक घडी, बोलणं गुळाच्या ढेपेसारखं. बाप माळकरी, घरात कांदासुद्धा जपून. शांतारामने पोरांना स्टेशनासमोर चहा-भजी खिलवली, आणि भजी खाताना प्रत्येकाला मताची आठवण राहील याची काळजी घेतली. त्याला अणुकेंद्रात का जायचं होतं? त्याला जायचं होतं कारण चंद्रकांताला जायचं होतं. पेठेतला मुलगा नवापूरच्या पोरीकडून हरला असं दुकानावर कोण ऐकून घेणार?

मतदान सोमवारी ठरलं. त्याआधीच्या आठवड्यात पावसाळ्यानंतरच्या होड्या नुकत्याच समुद्रात गेल्या होत्या, आणि घोटाळा झाला तो तिथे.

मासळी विकणाऱ्या बाईने माशांचा वाटा मांडला की गिऱ्हाईक म्हणतं, वर एक टाक. ती टाकते किंवा शिव्या घालते. काशीबाई शिव्या घालणाऱ्यांतली. अठरा वर्षं पालघरच्या बाजारात बसून तिने कोणी मागितलं म्हणून वर टाकलं नव्हतं. फक्त होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की पहिल्या आठवड्यात ती, आणि नवापूरची प्रत्येक बाई, न मागता प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बोंबील वर टाकते. ती समुद्राची रीत. नाही टाकला तर जाळं रुसतं म्हणतात.

त्या वर्षी काशीबाईने काही ठिकाणी दोन टाकले.

चंद्रकांताला ते कळलं शनिवारी संध्याकाळी, बोईसरच्या फलाटावर. आई पाटी उलटी ठेवून तिच्यावर बसली होती आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की पोरीला आधीच शंका आली. काशीबाईने बोटांवर मोजत सांगितलं. ज्यांची पोरं हिच्या वर्गात आहेत अशी गिऱ्हाइकं तिने शोधून काढली होती, चांगली चौदा घरं. त्या प्रत्येक घरी रीतीचा एक बोंबील, आणि त्यावर आणखी एक, आणि त्यावर दोन शब्द: तुमच्या पोराला सांगा, आमच्या चंद्रीला मत दे.

चंद्रकांताने आजूबाजूला पाहिलं. हे असं करायचं नसतं, याला लाच म्हणतात, असं ती दबक्या आवाजात म्हणाली. काशीबाईला ते पटेना. तिच्या हिशोबी उलट होतं. कोणाकडे काही मागायचं आणि हात मोकळा पुढे करायचा, ही भिकाऱ्याची तऱ्हा.

“मत काय फुकट मागायचं?” ती म्हणाली. “आपन का भिकारी हाव?”

पोरीने मग एकेक घर विचारलं. आई सांगत गेली. बारावं घर आलं आणि चंद्रकांता उठून उभी राहिली. बारावं घर रत्नाबाईंचं होतं.

आता रत्नाबाईंचं सांगायला हवं. त्या आता स्वतःच चारचौघांत सांगतात म्हणून इथे लिहायला हरकत नाही. तेव्हा मात्र ही गोष्ट त्यांच्याशिवाय तीन बायकांनाच ठाऊक होती. रत्नाबाई माहेरच्या केळव्याच्या, भातावर कालवण नसलं तर घास उतरत नाही अशा. दिल्या माळकऱ्याच्या घरी. वीस वर्षं त्यांनी निभावलं, पण बुधवार आणि शुक्रवारी सकाळी मागच्या दाराने झाकणाचा पितळी डबा बाहेर यायचा, त्यात चार बोंबील किंवा एखादा सरंगा पडायचा, आणि तो शेजारच्या गोदूबाईंच्या चुलीवर शिजायचा. दुपारी दुकान जेवायला मिटायच्या आत रत्नाबाईंचं जेवण उरकलेलं असायचं. डबा न्यायची आणायची चंद्रकांता. नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही. मुलगा म्हणजे शांताराम.

आईने प्रतिस्पर्ध्याच्याच आईकडे प्रतिस्पर्ध्याचं मत मागितलं होतं. काशीबाईला शांताराम कोण हे ठाऊकच नव्हतं. तिला रत्नाबाई ठाऊक होत्या. “हसली आन् आत गेली,” एवढंच ती म्हणाली.

रविवार कसा गेला ते चंद्रकांताला विचारू नका. रामूने दोनदा विचारलं, उद्या हाय ना गं ते? तिने दोनदा मान हलवली.

सोमवारी अकरा वाजता वर्ग प्रयोगशाळेत जमला. फळ्यावर सरांनी दोन नावं लिहिली होती, शांताराम वर, चंद्रकांता खाली. कागदाच्या चिठ्ठ्या फाडून तयार. टेबलाच्या कडेला गेल्या आठवड्याच्या प्रयोगाचा लंबक तसाच टांगलेला होता, मीटरभर दोरा आणि खाली पितळी गोळा. चंद्रकांता पहिल्या बाकाच्या टोकाला बसली होती. मागून बोटं मोजल्याचे आवाज येत होते, कोण कोणाकडे. तिने स्वतःही मोजलं होतं. चार-पाच मतं इकडे तिकडे, पण जमत होतं.

चिठ्ठ्या वाटायच्या आधी शांताराम उभा राहिला. त्याने हात जोडले, गळा साफ केला आणि सांगितलं, की या निवडणुकीत मतदारांच्या घरी मासळी पोचवण्यात आली आहे. वर्गातल्याच एकाच्या आईने आनंदाने घरी सांगितलं, त्याने बाकावर सांगितलं, तिथून ते शांतारामपर्यंत आलं. मागे कोणीतरी नाकाला रुमाल लावल्याचं नाटक केलं. हसणं झालं. सरांनी हात वर केल्यावर ते थांबलं.

सरांनी चंद्रकांताला विचारलं, हे खरं आहे का?

खोटं बोलायची जागा होती. ती समुद्राची रीत आहे, सगळ्यांनाच वर देतात, एवढं सांगितलं असतं तर अर्धं खरं होतं आणि अर्ध्यावर सुटता आलं असतं. ती उभी राहिली. म्हणाली, एक बोंबील रीतीचा, तो सगळ्या गिऱ्हाइकांना. दुसरा माझ्या आईने मतासाठी दिला. मला शनिवारी कळलं. चौदा घरं आहेत.

सर जुन्या वळणाचे, वजनं-मापं बरोबर ठेवणारे. त्यांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला तो अगदी तराजूतला. ज्या चौदा घरी हे गेलं, तिथल्या मुलांनी मत द्यायचं नाही. उरलेल्या सत्तेचाळीस जणांनी द्यायचं. चंद्रकांताने ती नावं सांगायची. नाही सांगितली, तर तिचं नाव फळ्यावरून पुसावं लागेल.

“नावं सांगा, मिस तामोरे,” शांताराम अजून उभाच होता. “सगळ्यांना कळू दे कोणाकोणाची घरं विकत घेतलीत ती. एकही सोडायचं नाही.”

चंद्रकांताने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर सकाळचा बुक्का, शर्टाला घडी. त्याच्या आईचा पितळी डबा अजून हिच्या पिशवीत होता, बाकाच्या खाली, पायाजवळ. शुक्रवारी परत द्यायचा राहून गेला होता.

तिचं गणित पक्कं होतं. ते चौदा गेले तर त्यांतले निम्मे शांतारामचे. उरलेल्या सत्तेचाळिसांत ती सरळ जिंकत होती. नावं सांगितली की निवडून आली, निवडून आली की त्या भिंतीपलीकडे गेली. आणि वर शांतारामचं तोंड बघायला मिळालं असतं, ते निराळंच.

तिने पायाने पिशवी जवळ ओढली. सरांना वाटलं पोर घाबरली. ते उठले, लंबकाचा गोळा बाजूला ओढला आणि सोडला.

“शंभर आंदोलनं,” ते म्हणाले. “तोवर विचार करा.”

एक आंदोलन दोन सेकंदांचं, हे वर्गाने गेल्याच आठवड्यात मोजलं होतं. शंभर म्हणजे तीन मिनिटं आणि वर वीस सेकंद. पोरं ओठांतल्या ओठांत मोजू लागली. दहापर्यंत खुसखुस होती. विसाला ती गेली. ज्यांच्या घरी बोंबील गेले होते त्यांना, एक शांताराम सोडला तर, आपलं माहीत होतं. कोणी पेन उघडत होता, कोणी मिटत होता. एकाची आजी विधवा आणि कडक सोवळ्यातली. तिला आपल्या सुनेच्या डब्यात काय येतं ते कळलं असतं तर त्या घरात चूल वेगळी झाली असती. एकाचा बाप बाहेर सांगायचा की आम्ही कधीच सोडलं. चौदा घरांत असं एकेक काहीतरी होतंच. मासळीवालीला माणसांची तोंडं कमी आणि मागची दारं जास्त ओळखीची असतात.

चाळिसाव्या फेरीला चंद्रकांताच्या मनात आलं, तेरा सांगावीत आणि एक गिळावं. कोणाला कळणार? पण तिला आपली काकी आठवली. काशीबाईची सख्खी जाऊ, हीच पाटी घेऊन याच पेठेत बसणारी. एकदा एका दारात उभं राहून, पलीकडच्या घरी काल काय गेलं ते ती सहज बोलून गेली. नुसतं सहज. महिनाभरात अख्ख्या गल्लीने तिच्याकडून घेणं सोडलं, आणि ज्या घराला सांगितलं होतं त्याने सगळ्यात आधी. त्यानंतर नवापूरच्या घराघरांत पोरींना पाटी डोक्यावर घ्यायला शिकवायच्या आधी हे शिकवतात: एका घरचं ताट दुसऱ्या घरी उघडायचं नाही.

साठ. गोळ्याची फेरी आता आखूड झाली होती, पण वेळ तेवढाच लागत होता. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “काय, बाजार बंद का आज?” या वेळी कोणी हसलं नाही. चंद्रकांताच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते नुसतं सोडायचं होतं, की वर्ग हसून छताला लागला असता. तिने दात दाबून धरले. पायाला पितळी डबा लागत होता.

तिला भिंत दिसत होती. बाप हात पसरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो, ती.

नव्वदला ती उठली. सगळ्यांना वाटलं आता सांगते. शांताराम पुढे वाकला. ती फळ्यापाशी गेली, डस्टर घेतलं आणि आपलं नाव स्वतः पुसलं. नीट पुसलं, कानाकोपऱ्यासकट, पाटी धुवावी तसं. मग जागेवर येऊन बसली. लंबक अजून हलत होता. कोणीही मोजत नव्हतं.

शांताराम बिनविरोध निवडून आला. टाळ्या पडल्या, पण ओल्या कपड्यावर काठी मारावी तशा.

घरी तिने आईला आधी सांगितलं. काशीबाई मांदेली निवडत होती, तिचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली बरं केलंस. आणि थोड्या वेळाने, चौदा बोंबील मात्र फुकट गेले. रामू ओटीवर होता. त्याला बोलावून सांगावं लागलं नाही, त्याने ऐकलंच होतं. तो आत येऊन म्हणाला, “असू दे. भिंत काय पळून जात नाय.” आणि जेवायला बसला, पण भात चिवडत राहिला. चंद्रकांताने ते पाहिलं. हरल्याचं तिला तोवर काही वाटलं नव्हतं. ते तिला बापाच्या ताटाकडे बघून वाटलं.

तिकडे पेठेत शांतारामने जेवताना विजय सांगितला. मासळीचं सांगितलं, चौदा घरांचं सांगितलं. रत्नाबाईंच्या हातातला वाढायचा चमचा आमटीतच राहिला. तिने नावं सांगितली का, म्हणून त्यांनी विचारलं. नाही सांगितली, घाबरली, असं शांताराम म्हणाला. त्या दिवशी रत्नाबाई जेवल्या नाहीत. बुधवारी चंद्रकांता मागच्या दाराशी रिकामा डबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, नेहमीसारखं “सरंगा आणलाय, ताजा हाय” एवढंच. तेच त्यांना सोसलं नाही. शुक्रवारी दुकानामागच्या खोलीत, गुळाच्या पोत्यांमध्ये, त्यांनी मुलाला बसवलं आणि सांगून टाकलं. शांताराम बराच वेळ पोत्यावरचा छाप वाचत बसला म्हणतात.

रविवारी तो नवापुरात आला. एस.टी.तून घडीचा शर्ट घालून उतरलेला पेठेतला मुलगा रामूचं घर विचारतोय, हे चिंधूने पाहिलं, आणि शांताराम ओटीवर टेकायच्या आत मुलगी पाहायला स्थळ आलंय ही बातमी वेशीपर्यंत पोचली. बायका कामं काढून कुंपणाशी आल्या. आत मात्र वेगळंच चाललं होतं. शांतारामने खिशातून प्रवेशाचा कागद काढून दाखवला. त्यावर त्याचं नाव टाईप झालं होतं, ते बदलता येत नाही, सरांना विचारून झालं होतं. तो चंद्रकांताकडे न बघता म्हणाला, की आत गेल्यावर तुम्हाला काय विचारायचं होतं ते सांगा, मी विचारून येतो.

चंद्रकांताने बापाकडे पाहिलं. बोलला रामू. त्याने चुलीतला कोळसा आणला आणि ओटीवर इमारत काढली. समुद्राकडचं फाटक, तिथून डावीकडे, मग ती भिंत. हात पसरून एक पाऊल पुढे टाकून दाखवलं. एवढी. हिच्याआड काय ठेवणार, आणि ते चांगलं का वाईट, येवढं विचारून ये. शांतारामने वहीत सगळं उतरवून घेतलं, पाऊलसुद्धा मोजून घेतलं.

पुढचे आठ दिवस रामूने होडी काढली खरी, पण जाळं पागायला गेलेला माणूस आणि वाट बघणारा माणूस यांच्या पाठीत फरक असतो. तो लांबून दिसत होता. येईल का परत तो पोरगा? काशीबाईचं म्हणणं नाही येणार. दुकानदाराचा मुलगा, माल पोचला की संपलं. चंद्रकांता म्हणाली, वही घेऊन गेलाय.

तो आला. पुढच्या रविवारी, त्याच एस.टी.ने. उन्हात चालून घामाघूम. रामूने जाळं बाजूला टाकलं. शांताराम वही उघडून उभ्यानेच सांगू लागला, वर्गात उत्तर द्यावं तसं. त्या भिंतीआड एक मोठं पात्र आहे. त्यात इंधन ठेवणार, त्याने पाणी तापणार, वाफ होणार, वाफेवर वीज. त्या इंधनातून किरण निघतात, डोळ्यांना न दिसणारे, माणसाला वाईट. ते बाहेर येऊ नयेत म्हणून भिंत. आतल्या इंजिनिअरनी सांगितलं, की ती जितकी जाड तितकं बाहेर बरं.

रामूने दोनदा विचारून खात्री करून घेतली. भिंत आतल्या वस्तूला सांभाळायला नाय? नाही. बाहेरच्या माणसांना सांभाळायला? हो. रामू खाली बसला. कोळशाची रेघ ओटीवर अजून अर्धीमुर्धी होती, तिच्यावर त्याने तळवा ठेवला.

“मग बरं झालं,” तो म्हणाला. “काँक्रीट कुटायला कंटाळा नाय केला.”

काशीबाई डोळे पुसत आत गेली आणि कालवण वाढायला ताटं काढली, मग मध्येच आठवून एक ताट परत ठेवलं. शांताराम म्हणाला, असू द्या, वाढा. खाल्लं नाही त्याने त्या दिवशी, भाताच्या कडेकडेने फिरत राहिला, पण ताट परत केलं नाही. आजकाल त्यांच्या घरी बुधवारी मागच्या दाराने काही येत नाही. पुढच्या दाराने येतं. माळकरी वडील त्या दिवशी दुकानावर जेवतात, एवढाच काय तो फरक.

निघताना शांताराम कुंपणाशी थांबला. कुंपणापलीकडे पाच-सहा बायका सुकवायची मासळी निष्कारण उलटीपालटी करत होत्या, त्यामुळे पुढचं बोलणं आळीत शब्दासकट पाठ आहे. त्याने विचारलं, “मिस तामोरे, त्या दिवशी आमच्या घरासकट नावं सांगितली असतीत तर तुम्ही आत गेल्या असतात. का नाही सांगितलीत?”

चंद्रकांताने इस्त्रीची भाषा बाजूला ठेवली आणि बर्फातली जीभ बाहेर काढली.

“तू एका वर्साचा प्रतिनिधी हायस,” ती म्हणाली. “तुजी आय अठरा वर्सांचं गिऱ्हाईक हाय.”